भिंत आणि प्रयोगशाळा : हुसेन यांचे भित्तिचित्र व कला-विज्ञान सहयोगाचा प्रश्न

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याच्या समुद्रकाठच्या वास्तूत, मकबूल फिदा हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भित्तिचित्र आहे. त्याची लांबी ४५ फूट व उंची ९ फूट आहे. संस्थेच्या या नव्या वास्तूचा कोनशिला समारंभ १ जानेवारी १९५४ रोजी आणि उद्घाटन १५ जानेवारी १९६२ रोजी, दोन्ही पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्यानंतर संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी काही निवडक चित्रकारांकडून या भिंतीसाठी आराखडे मागविले आणि त्यांतून हुसेन यांचा आराखडा पसंत केला. हुसेन यांचा जन्म १९१५ साली सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचा. तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे जाहिरातफलक रंगविण्यात त्यांची काही वर्षे गेली होती. तेव्हा ४५ फुटांची लांबी पाहून बिचकून जाण्याचे त्यांना कारण नव्हते.

कलावंत आणि वैज्ञानिक यांच्या सहयोगाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की या भित्तिचित्राचा आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या संग्रहाचा उल्लेख बहुधा अग्रक्रमाने होतो. तो व्हावा हे योग्यच आहे. परंतु कोणत्या गोष्टीचे उदाहरण म्हणून तो व्हावा, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. आश्रय, सान्निध्य आणि सहयोग या तीन भिन्न कल्पना आहेत. अलीकडे प्रयोगशाळांतून कलावंतांना काही महिने निवासी म्हणून बोलावण्याची प्रथा रूढ होत असताना, जिनिव्हाजवळच्या सेर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेसारख्या संस्थेनेही २०११ पासून ती नियमाने चालविली असताना, या कल्पनांतील भेद स्पष्ट करून घेणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम या संग्रहाचे श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. १९५० नंतरच्या दशकात भाभांनी संस्थेसाठी चित्रे घेण्यास आरंभ केला. संस्थेच्या अंदाजपत्रकातील एक टक्का रक्कम या कामी खर्च करण्यास त्यांनी नेहरूंची संमती मिळविली होती. आरा, हेब्बर, गायतोंडे, तय्यब मेहता, कृष्ण खन्ना, राम कुमार, बी. प्रभा यांसारख्या चित्रकारांची कामे अशा रीतीने संस्थेत आली. हे चित्रकार आज नामवंत आहेत. त्या वेळी त्यांतील बहुतेकांना ग्राहक मिळणे दुरापास्त होते. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईतील शाखा उघडली ती १९९६ साली. त्यापूर्वी जवळजवळ चार दशके या शहरातील आधुनिक चित्रकलेचा एक अत्यंत साक्षेपी संग्रह पदार्थवैज्ञानिकांच्या व्हरांड्यांतून टांगलेला होता, ही गोष्ट कलेच्या इतिहासकाराला जितकी अभिमानाची तितकीच अंतर्मुख करणारी वाटावी. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघातात भाभांचा अंत झाला. त्यांच्यानंतर संचालक झालेल्या एम. जी. के. मेनन यांनी हा क्रम आणखी काही वर्षे चालू ठेवला.

भाभा स्वतः चित्रे काढीत. त्यांची व्यक्तिरेखाटने पाहिली म्हणजे हा केवळ हौशी हात नाही हे कळते. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे त्यांनी काढलेले पेन्सिलचित्र प्रसिद्ध आहे. असा माणूस संस्थेचा संचालक असल्यावर चित्रांची निवड उत्तम होणार यात नवल नाही. तथापि येथेच एक अडचण उद्भवते. कला आणि विज्ञान यांचा जो काही संवाद या संस्थेत झाला, तो एकाच मनात झाला. भाभांच्या अभिरुचीने चित्रे निवडली आणि त्यांच्याच देखरेखीखाली ती भिंतींवर लागली. विश्वकिरणांच्या वर्षावाविषयी जो सिद्धांत भाभांनी हाइटलर यांच्यासह १९३७ साली मांडला, त्याचा हुसेन किंवा गायतोंडे यांच्या कुंचल्याशी काही संबंध यावा अशी योजना त्यांत नव्हती. चित्र प्रयोगशाळेत आले. चित्रकार आला नाही. आला तो भिंतीपुरता.

भित्तिचित्राचे नावच याची साक्ष देते. राष्ट्रगीतातून घेतलेले हे शब्द देशाच्या भवितव्याविषयी बोलतात. अणू, किरण वा गणित यांच्याशी त्यांचे नाते नाही. चित्राची भाषा ‘जमीन’ या १९५५ सालच्या, ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या चित्रात सिद्ध झालेलीच आहे : जोरकस बाह्यरेषा, सपाट रंगक्षेत्रे आणि शिल्प व लोककला यांच्या स्मृतीतून घडलेल्या आकृती. ती भाषा समर्थ आहे. परंतु हेच चित्र मंत्रालयात, विमानतळावर किंवा एखाद्या बँकेच्या मुख्य कचेरीत लावले असते तर त्यात काय उणे झाले असते? या प्रश्नाला उत्तर देता येत नाही आणि समीक्षेच्या दृष्टीने तेच निर्णायक आहे. प्रयोगशाळेने या चित्राला भिंत, मोबदला आणि जाणता प्रेक्षक दिला. अडथळा दिला नाही.

अडथळा हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्यांची परिभाषा थोड्या स्वातंत्र्याने वापरायची झाल्यास, कुलाब्यास संवादलय आहे, विरोधलय नाही. दोन भिन्न व्यवहारांपैकी एकाने दुसऱ्याला काही नाकारल्याखेरीज, ‘हे असे होणार नाही’ असे सांगितल्याखेरीज, सहयोगाला आकार येत नाही.

याचे प्रत्यंतर पाहण्यासाठी हुसेन यांच्याच जिल्ह्यातील जेकार्ड माग पाहावा. सोलापुरी चादरीची नक्षी काढणाऱ्याला कोऱ्या कागदाचे स्वातंत्र्य नसते. त्याची रेघ चौकटींच्या कागदावर उतरते. प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एक छेद. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडावयाची. भोक असेल तेथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. मागाला हूक किती आहेत हे ज्याला ठाऊक नाही त्याला मोराच्या मानेचा बाक काढता येणार नाही. कारण तो बाक पायऱ्यापायऱ्यांनीच चढवावा लागतो आणि पायरी किती लहान करता येईल हे यंत्र ठरविते. आता अनेक ठिकाणी पत्त्यांची जागा संगणकाने घेतली असली तरी हा संबंध पालटलेला नाही. ल्योंच्या जेकार्डने १८०४ साली सिद्ध केलेल्या या यंत्राने नक्षीकाराला काही नाकारले, आणि नाकारल्यामुळेच चादरीच्या नक्षीला तिचे वळण लाभले. हा सहयोग कोणी योजून केलेला नाही. पण त्याची खूण वस्तूत वाचता येते.

योजून केलेल्या सहयोगांत ही खूण नेहमीच सापडते असे नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे रॉबर्ट राउशेनबर्ग आणि बेल प्रयोगशाळेतील अभियंता बिली क्लूवर यांच्या पुढाकाराने १० कलावंत व सुमारे ३० अभियंते यांनी नऊ रात्रींचे प्रयोग सादर केले. त्यांत उत्साह पुष्कळ आणि बिघाडही पुष्कळ होता. त्यातूनच ‘कला आणि तंत्रज्ञानातील प्रयोग’ या नावाची संस्था निघाली. तिच्या कार्याचे खरे फळ दिसले ते १९७० साली ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात. तेथील एका मंडपाला धुक्याने वेढण्याची कल्पना फुजिको नाकाया या शिल्पकार स्त्रीची. तिचे वडील उकिचिरो नाकाया हे हिमस्फटिकांचे अभ्यासक. प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक प्रथम त्यांनी तयार केला, १९३६ साली. धुके तयार करण्याचे काम कॅलिफोर्नियातील मेघविज्ञानाचा जाणकार टॉमस मी याच्याकडे आले. त्याला रासायनिक धुके करता येत होते. नाकायाने ते नाकारले. माणसांनी ज्यात शिरावे, ज्यात श्वास घ्यावा, असे निव्वळ पाण्याचेच धुके तिला हवे होते. त्यापायी मी याला अत्यंत बारीक छिद्रांच्या तोट्यांतून प्रचंड दाबाने पाणी सोडण्याची रीत शोधावी लागली. पुढे तीच रीत शेतीत आणि यंत्रे थंड ठेवण्याच्या कामी उपयोगात आली. येथे कलावंताने वैज्ञानिकाला अडविले आणि वैज्ञानिकाच्या उत्तराने शिल्पाचे द्रव्य बदलले. नाकायाने त्यानंतर आयुष्यभर धुक्याचीच शिल्पे केली.

मुंबईत याच सुमारास जे घडले ते तुलनेने अल्प असले तरी दुर्लक्षणीय नाही. अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या साहाय्याने १९६९ साली एक कार्यशाळा सुरू केली. चित्रकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांनी तेथे एकत्र येऊन एकमेकांची साधने हाताळावीत असा तिचा हेतू होता; नलिनी मालानी यांचे आरंभीचे चित्रपटविषयक प्रयोग तेथलेच. पदमसींचा ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा लघुपट या काळातील आहे. क्लाउड चेंबर, म्हणजे मेघकोठी, हे विद्युत्भारित कणांचा मार्ग दाखविणारे उपकरण. त्यातील अतिसंपृक्त वाफेतून कण गेला की त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेघ उमटते. हे उपकरण रचणाऱ्या विल्सनला मूळ प्रेरणा झाली ती १८९४ साली स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर, ढगांवर पडलेल्या छायेभोवतीची रंगीत वलये पाहून. दृश्याच्या मोहातूनच ही विद्या निघाली. भाभांच्या सिद्धांतातील किरणवर्षाव अशाच कोठ्यांतून डोळ्यांना दिसत. इतके सगळे धागे जवळ असताना पदमसींचा लघुपट मात्र त्यांच्याच एका निसर्गचित्रावर, कापलेल्या आकारांतून पाडलेल्या रंगीत प्रकाशावर उभा राहिला. भौतिकीकडून त्याने नाव घेतले, एक उपमा घेतली. त्याची एकुलती प्रत दिल्लीतील प्रदर्शनासाठी पाठविली असता हरवली. आज त्याविषयी जे म्हणता येते ते वर्णनांवरून आणि आशिम अहलुवालिया यांनी २०१६ साली पदमसींसह याच नावाने केलेल्या चित्रपटावरून.

त्याच काळातील ‘सिझिजी’ या चलच्चित्राची गोष्ट निराळी आहे. सुमारे हजार रेखाटनांच्या या कृतीत रेषा कोठून कोठे जावी हे पदमसींनी संख्यांच्या संबंधांवर सोपविले. चित्रकाराने आपल्या हाताची सवय नियमाच्या स्वाधीन केली. ही कृती कोरडी वाटते, दीर्घही वाटते; पण तिचा कोरडेपणा गणितापासून वेगळा काढता येत नाही. प्रयोगशाळेच्या बाहेर, वैज्ञानिकाच्या अनुपस्थितीत घडलेली ही कृती सहयोगाच्या कसोटीला हुसेन यांच्या भित्तिचित्रापेक्षा अधिक उतरते.

पुण्यातील आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राची वास्तू हे महाराष्ट्रातील तिसरे उदाहरण. १९८८ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक जयंत नारळीकर स्वतः कथालेखक होते आणि वास्तुकार चार्ल्स कोरिया यांना ऐकण्याची सवय होती. विश्वाविषयीच्या कल्पना वास्तूत कशा उतरवाव्यात, हा येथे दोघांमधील खराखुरा प्रश्न होता. त्याची उत्तरे मात्र एका दर्जाची नाहीत. प्रांगणातील आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे कोणत्याही विज्ञानसंस्थेत शोभले असते. ते अलंकार होत. परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या गुरुत्वक्षेत्राची आकृती जमिनीच्या फरसबंदीत आली आहे. ती सुंदर आहे, पण पाठ्यपुस्तकातील आकृतीचेच ते सुंदर भाषांतर होय. फूकोचा लंबक मात्र एकाच वेळी उपकरणही आहे आणि त्या दालनाचा केंद्रबिंदूही. पृथ्वी फिरते हे तो सुचवीत नाही, दाखवितो. आणि तो टांगण्यासाठी वास्तुकाराला उंची द्यावी लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. मूलभूत विज्ञानाला कलावंताकडून काय मिळणार? फूकोच्या लंबकाने किंवा ‘सिझिजी’ने पदार्थविज्ञानात रतिभर भर पडलेली नाही आणि पडावी अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे होईल. परंतु या आक्षेपाचा रोख देवघेव समप्रमाणात व्हावी या गृहीतावर आहे आणि ते गृहीत सहयोगाच्या विचाराला आवश्यक नाही. दोन पक्षांपैकी निदान एकाचे काम दुसऱ्यामुळे वेगळ्या वाटेने गेले, एवढेच पुरे. ओसाकाला ते दोघांचेही गेले, हा सुयोग.

आज विद्यापीठांच्या विज्ञानविभागांतून कलावंतांना पाचारण करण्याच्या योजना आखल्या जातात, तेव्हा त्यांतील खर्चाच्या बाबी वाचण्यासारख्या असतात. कलावंताचे मानधन, साहित्य, अखेरचे प्रदर्शन, उद्घाटन यांना रकाने असतात. वैज्ञानिकाच्या वेळेला रकाना नसतो. ज्या संशोधकाकडे कलावंत बसावयाचा, त्याच्या अध्यापनाचे तास कोणी कमी करीत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळा दाखविली जाते आणि शेवटच्या आठवड्यात प्रदर्शनाची फीत कापली जाते. मधल्या काळात कलावंत आपल्या जुन्याच शैलीत प्रयोगशाळेचे चित्र काढतो. भाभांनी निदान चित्र विकत घेताना ते प्रयोगशाळेविषयी असावे अशी अट घातली नव्हती. ती सध्या अप्रत्यक्षपणे घातली जाते आणि संशोधनाची शोभिवंत जाहिरात तेवढी पदरी पडते. नाकायाने रासायनिक धुके नाकारले तेव्हा मी याच्याकडे पुन्हा आरंभापासून प्रयोग करण्याइतका वेळ होता, आणि तो वेळ कोणीतरी त्याला दिलेला होता.