सिंदखेडराजाची वारसा फेरी : वाडा दिसतो, पाणी दिसत नाही

वारसा फेरी म्हणजे गावाचे पायी केलेले वाचन. मार्गदर्शक कुठे थांबतो, काय दोन वाक्यांत आटोपतो आणि शेवट कुठे करतो, यावर त्या गावाचा अर्थ ठरतो. मुंबईच्या फोर्ट भागात हा प्रकार चांगला रुळला आहे. तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तिथे फेरीचा विषय उघडच सार्वजनिक असतो : न्यायालय, विद्यापीठ, रेल्वे स्थानक. बुलढाणा जिल्ह्यात असे पायी वाचता येण्याजोगे गाव शोधायचे तर सिंदखेडराजा आधी आठवते. मात्र तिथली रूढ फेरी पाहिली की प्रश्न पडतो : या गावातले सार्वजनिक बांधकाम नेमके कोणते, आणि ते आपण पाहतो का?

रूढ फेरी सुरू होते लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यापासून. जुना मुंबई-नागपूर रस्ता वाड्याजवळूनच जातो, त्यामुळे गाडी थांबवणे सोपे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथे झाला. पाहुणा जन्मस्थानी माथा टेकतो, छायाचित्र काढतो. वेळ असेल तर लखुजीरावांच्या समाधीकडे जातो. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादेस, लखुजीराव आणि त्यांचे पुत्र दग्याने मारले गेले, ती कथा तिथे सांगितली जाते. फेरी संपते.

या श्रद्धेत काही वावगे नाही. १२ जानेवारीला इथे लोटणारा जनसागर हा स्वतःच एक सामाजिक दस्तऐवज आहे. पण फेरी म्हणून पाहिले तर ती एक जन्म आणि काही मृत्यू एवढेच सांगते. मधले जगणे कुठे गेले? एवढी माणसे, एवढी घोडी, बाजारपेठ आणि शेती इथे कशावर उभी होती?

त्याचे उत्तर वाड्याबाहेर आहे. मोती तलावाचा दर्शनी भाग किल्ल्याच्या तटासारखा बांधला आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. सजना बारव पाणीपुरवठ्यासाठी होती. पुतळा बारवेच्या भिंतींवर मूर्ती आणि शिल्पे आहेत, म्हणून तिचे नाव पुतळा बारव. वाडा एका घराण्याचा, बारव मात्र घागर घेऊन येणाऱ्या प्रत्येकीच्या वाटेवरची. त्या काळच्या दख्खनेत सार्वजनिक स्थापत्य शोधायचे तर ते आधी पाण्यापाशी सापडते. लखुजीरावांचा समकालीन मलिक अंबर याने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहरींनी पाणी आणले, तेही याच जाणिवेतून.

इथे भाबडेपणाही नको. तलाव बांधणे हा केवळ पुण्यसंचय नव्हता. पाणी असेल तर पीक, पीक असेल तर सारा, सारा असेल तर फौज, असा तो सरळ हिशेब होता. बारवेवर कोणत्या जातीच्या माणसाला किती पायऱ्या उतरता येत, हा प्रश्नही मार्गदर्शकाने टाळू नये. ‘सार्वजनिक’ हा शब्द तेव्हा सर्वांना सारखा लागू नव्हता. हे सांगितल्याने वास्तूचा मान कमी होत नाही, ती खरी होते.

गावाचे वयही वाड्यापासून मोजता येत नाही. नीळकंठेश्वराचे मंदिर त्याहून जुने आहे. २०२४ साली लखुजीरावांच्या समाधी परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे जतनाचे काम चालू असताना जमिनीखाली प्राचीन मंदिराचे अवशेष लागले आणि पुढच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. समाधीच्या पायाशी आणखी एक काळ निजलेला होता. ही बातमी फेरीत केवळ नवल म्हणून सांगितली जाऊ नये; गाव थरांनी बनते, हे त्या जागी उभे राहून समजावता येते.

याच जिल्ह्यातल्या लोणारशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. तिथे पाणी टाळून फेरी करताच येत नाही. धारतीर्थापासून सरोवराकाठच्या मंदिरांपर्यंत उतरताना भूगोल आणि स्थापत्य एकाच वाटेवर भेटतात. सिंदखेडराजात पाणी बाजूला आहे, म्हणून ते सुटते.

आक्षेप असा येईल की लोकांना वेळ नसतो, वृद्धांना पायऱ्या झेपत नाहीत, बारवेत उतरणे धोक्याचे. आक्षेप खरे आहेत, पण ते कठडा, सफाई आणि फलक यांची मागणी करतात. वास्तू वगळण्याची नाही. जिथे माणसे थांबत नाहीत तिथे गाळ आणि काटेरी झुडपे थांबतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर स्वयंसेवकांनी बारवांच्या नोंदी केल्या, गाळ काढला, महाशिवरात्रीला दिवे लावले. पायवाट पडली की देखभालीची मागणीही पडते, हा त्या कामाचा धडा आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला. आता बरीच वाहने गावाला वळसा घालून जातात. जो उतरतो तो ठरवून उतरतो. त्याला क्रम उलटा करून दाखवावा. सकाळी मोती तलाव, मग पुतळा बारव, नीळकंठेश्वर, समाधी आणि सर्वांत शेवटी वाडा. आधी गावाचे पाणी पाहिलेला माणूस जन्मस्थानी पोहोचतो तेव्हा तिथे त्याला एका मुलीच्या जन्माबरोबरच, ती ज्या गावात जन्मली त्या गावाची रचनाही ठाऊक असते. यासाठी नवे स्मारक उभारावे लागणार नाही. नगरपरिषद, पुरातत्त्व विभाग आणि गावातल्या मार्गदर्शकांनी एकत्र बसून एक नकाशा आखला, तरी सुरुवात होईल.