कोवळेपणाची सबब

तांबडा द्राक्षारस निराश करतो, तेव्हा जाणकारांच्या ओठी एक वाक्य तयारच असते: अजून कोवळा आहे, चार वर्षे थांबा. संत लूकच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायाच्या अखेरीस जुन्या आणि नव्या द्राक्षारसाची जी तुलना येते, तिचाही आधार मग हौसेने घेतला जातो. ही सबब पुष्कळदा खरी असते. म्हणूनच ती दर वेळी तपासून घ्यावी लागते.

फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील एका घराण्याचा 2022 सालचा क्रोज-एर्मिताज नुकताच चाखला. घराण्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या बाटल्यांनी आजवर इतका निर्मळ आनंद दिला आहे की एका सालासाठी त्यांना चव्हाट्यावर आणणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जिव्हाळा आहे म्हणून मौन पाळावे, हेही समीक्षेला शोभत नाही.

या द्राक्षारसाकडून अपेक्षा कोणती असते? एर्मिताज म्हणजे एकांतवासी संन्याशाची कुटी. धर्मयुद्धातून परतलेल्या एका सरदाराने 13व्या शतकात नदीकाठच्या टेकडीवर एकांतवास पत्करला आणि तेथे द्राक्षवेली लावल्या, अशी आख्यायिका आहे. संत ख्रिस्तोफरचे छोटे प्रार्थनामंदिर त्या टेकडीवर आजही उभे आहे. टेकडीच्या भोवतालच्या मळ्यांतून क्रोज-एर्मिताज येतो. द्राक्ष एकच, सिरा. आपल्याकडे ज्याला शिराझ म्हणतात तेच. (इराणातील शिराझ शहराशी त्याचे रक्ताचे नाते नाही, त्याचे आई-बाप दोन्ही आग्नेय फ्रान्समधलेच, हे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे.) या सिराची खूण म्हणजे काळ्या मिरीचा गंध. ही कवीकल्पना नव्हे. मिरीला ज्या द्रव्यामुळे तो वास येतो, ते रोटुंडोन नावाचे द्रव्यच या द्राक्षाच्या सालीत असते. 2008 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते ओळखले. थंड हवेत आणि कमी उन्हात ते अधिक साठते, उष्णतेत घटते. मिरी, ओल्या मातीचा वास, जिभेच्या कडांना जाणवणारा आंबटपणा आणि या सर्वांवर एक प्रकारचा संयम, यासाठी आम्ही या घराण्यावर प्रेम केले.

2022चा पेला पाहताना मन प्रसन्न होते. रंग जांभळट, गडद. पहिल्या घोटाला पिकलेल्या जांभळाची गोडी सर्वत्र पसरते आणि कोणालाही तो आवडेल असे वाटते. दुसऱ्या घोटाला ती गोडी तशीच राहते. तिसऱ्यालाही तशीच. मिरी नाही, कडा नाही. घशात मद्यार्काची ऊब आणि शेवटी मुरंब्याची चव. पेला तासभर उघडा ठेवला, दुसऱ्या दिवशी उरलेले पुन्हा चाखले. तेवढेच हाती आले. त्या वर्षी युरोपात उन्हाळा भीषण होता. उष्णतेच्या लाटांमागून लाटा आल्या, पाऊस रोडावला आणि एरवी सप्टेंबरात होणारी तोडणी त्या खोऱ्यात अनेक ठिकाणी ऑगस्टअखेरीसच सुरू झाली. साखर लवकर चढली. गंधाला वेळ मिळाला नाही.

नाशिकच्या वाचकाला ही चव अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. निफाडचा पारा एक आकडी होतो त्या थंडीच्या दिवसांत घड वाढतात, मण्यांत पाणी उतरते आणि फेब्रुवारी-मार्चात ऊन तापू लागले की तोडणी. बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला येणाऱ्या भाविकांना वाटेवरच्या बागांत हेच दृश्य दिसते. फ्रान्समध्ये फळ उन्हाळ्याकडून शरद ऋतूकडे, उतरत्या उष्णतेत पक्व होते. आपल्याकडे हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे, चढत्या उष्णतेत. आपला माळी आयुष्यभर या उलट्या कालचक्राशी झगडतो. दिंडोरीला 2013 साली फ्रेंच कंपनी शाँदाँने फेसाळ द्राक्षारस करायला घेतला, त्यात शहाणपण होते; फेसाळ द्राक्षारसासाठी फळ लवकर, आंबटपणा शाबूत असतानाच खुडले जाते. तांबड्याला ती पळवाट नाही. म्हणून आपल्या शिराझमध्ये कधी क्षणभर मिरी चमकली, तर ते यश मला मोठे वाटते. उलट, ज्यांना थंडी वारशाने मिळाली त्यांच्या बाटलीत आपल्या मार्च महिन्याची चव लागावी, याचे दुःख आहे. दोष केवळ हवेचा मानावा, तर त्याच खोऱ्यातील इतरांनी काय केले हेही पाहावे लागेल. लवकर खुडणे, घडांवर पानांची सावली राखणे हे उपाय त्यांना ठाऊक नाहीत असे नव्हे. गोडीला बाजार आहे, आणि या बाटलीत त्या बाजाराची थोडी चाहूल लागते.

आता सबबीकडे. कोवळ्या द्राक्षारसात तुरटपणा उग्र असतो, अंगे सुटी सुटी असतात. काळ ती जुळवतो, तुरटपणा मवाळ करतो. येथे उग्र असे काहीच नाही. जो आंबटपणा घडातच राहिला नाही, तो बाटलीत निर्माण होत नाही. जी मिरी सालीत साठलीच नाही, ती दहा वर्षांनीही उगवणार नाही. या द्राक्षारसाला कोवळा म्हणणे हा खऱ्या कोवळ्या द्राक्षारसावर अन्याय आहे.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती वाचकाने द्राक्षारसाची एवढी चिकित्सा का करावी? धर्मसंहितेच्या 924व्या कलमात मिस्साच्या द्राक्षारसाविषयी इतकीच अट आहे की तो द्राक्षांपासूनचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. रुचीचा निवाडा तेथे नाही. पण काना गावच्या लग्नात भोजनप्रमुखाने पेला तोंडाला लावून चांगल्या-वाइटाचा निवाडा केलाच होता, आणि संत योहानाला तो नोंदवण्याजोगा वाटला.

याच घराण्याचा 2021चा मात्र जरूर मिळवावा. त्या एप्रिलात हिमदव पडले, पुढे हवा थंड राहिली, पीक घटले. द्राक्षारस सडपातळ आहे, रंगही फिका. मिरी मात्र पेला नाकाशी येण्यापूर्वीच भेटते.