जनुक ‘स्वार्थी’, म्हणून माणूसही?

रिचर्ड डॉकिन्स यांचे ‘द सेल्फिश जीन’ हे पुस्तक १९७६ साली प्रसिद्ध झाले. नैसर्गिक निवडीकडे जनुकाच्या बाजूने कसे पाहावे, हे त्याइतके सुबोधपणे सांगणारी पुस्तके थोडी. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र नीतीचा विषय वर्गात घेताना त्याचे पहिले प्रकरण जपून वापरावे लागते. माणूस जन्मतः स्वार्थी असतो, म्हणून त्याला औदार्य शिकवायला हवे, अशा आशयाचे विधान तेथे आहे. विद्यार्थ्यांच्या लक्षात नेमके तेवढेच राहते. मग कोणाचाही चांगुलपणा त्यांना ढोंग वाटू लागतो.

यातील गफलत समजून घेऊ. जनुकाला मन नसते, हेतूही नसतो. ज्या जनुकाच्या प्रती पुढील पिढ्यांत वाढतात ते टिकते, एवढाच येथे ‘स्वार्थी’चा अर्थ. अशा जनुकांतून घडलेल्या प्राण्याची माया मात्र अगदी खरी असू शकते. पिलांसाठी शत्रूवर झेपावणारी टिटवी जनुकांचा हिशेब मांडत नाही. ‘हेतू काय होता?’ हा मानसशास्त्राचा प्रश्न. ‘ही वृत्ती कशी टिकली?’ हा उत्क्रांतीचा. एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

रे रोड परिसरातील शिक्षकांना यासाठी जवळचेच उदाहरण घेता येईल. रे रोडच्या दक्षिणेला, त्याच बंदरपट्टीत, १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीतील ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरच्या कापसाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले.

हॅमिल्टन यांनी १९६४ साली आप्तांसाठी केलेल्या त्यागाचे, तर ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली परतफेडीच्या सहकार्याचे स्पष्टीकरण दिले. पण गोदीतील माणसे जवानांची नातलग नव्हती आणि मेलेल्याला परतफेड मिळत नाही. म्हणून हे सिद्धान्त खोटे ठरतात का? नाही. सहानुभूती, सोबत्यांशी निष्ठा, लौकिकाची चाड या वृत्ती कशा उपजल्या, ते हे सिद्धान्त काही अंशी सांगतात. त्या वृत्तींना प्रशिक्षण, कर्तव्य आणि संस्थेची शिस्त मिळाली, तेव्हा परक्यांसाठी आगीत शिरणारे दल उभे राहिले.

याची दुसरी बाजूही वर्गात सांगायला हवी. गटनिष्ठा उपजत आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये याच शहराने तिचे भीषण रूप पाहिले. वृत्ती कोठून आली, हे विज्ञान सांगते. तिचे काय करायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

डॉकिन्स यांनी २००६ च्या आवृत्तीत ते विधान दिशाभूल करणारे असल्याचे मान्य केले आणि वाचकांनी ते मनातून खोडावे, असे सुचवले. शिक्षकांनी ते खोडू नये. मुलांपुढे ठेवावे आणि त्यातील चूक त्यांनाच शोधू द्यावी.