दुर्बल संदर्भ : उपाय आणि उपायाची मर्यादा

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तकांत आणि त्यांवर आधारलेल्या वर्गटिपणांत एक विधान सिद्धान्ताच्या थाटात वावरताना दिसते : 'डँगलिंग पॉइंटर टाळावयाचे असतील, तर दुर्बल संदर्भ वापरावेत.' हे विधान असत्य नाही. परंतु ते अर्धे आहे. अर्धे विधान पूर्ण म्हणून हाती आले म्हणजे विद्यार्थ्याचा विचार नेमका तेथेच थांबतो. प्रस्तुत टिपणात या विधानाची परीक्षा करावयाची आहे.

प्रथम दोषाचे स्वरूप पाहू. ज्या वस्तूकडे पॉइंटर निर्देश करतो ती वस्तू नष्ट झाली आणि पॉइंटर मात्र जुनाच पत्ता धरून राहिला, म्हणजे तो डँगलिंग झाला. त्या पत्त्यावर काहीच नसते, हा येथील खरा धोका नव्हे. काही काळाने तेथे दुसरेच काही येऊन वसते, हा खरा धोका होय. नागपूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९३६ साली स्थापन झालेले नागपूर उच्च न्यायालय १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ठरून जबलपुरास गेले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. शहर तेच, न्यायदानाचे कामही तेच; परंतु संस्था निराळी. त्या दिवसानंतर 'उच्च न्यायालय, नागपूर' एवढ्याच पत्त्यावर जुन्या समजुतीने धाडलेला कागद परत आला नसता; तो दुसऱ्याच संस्थेच्या हाती पडला असता. संगणकाच्या स्मृतीत असेच घडते. प्रोग्रॅम तत्काळ कोसळला तर ते भाग्यच म्हणावयाचे. बहुधा तो चुकीच्या वस्तूवर काम करीत निमूटपणे पुढे जातो.

हा दोष केवळ परीक्षेतील प्रश्नापुरता नाही. क्रोमियम प्रकल्पाने २०२० साली जाहीर केले की, त्यांच्याकडील गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरवापरातून उद्भवले होते आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास मुक्त केलेल्या स्मृतीचा पुन्हा वापर केल्यामुळे घडले होते.

आता उपायाचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली संदर्भगणनेची पद्धत मांडली : प्रत्येक वस्तूकडे किती संदर्भ निर्देश करतात ते मोजावे, आणि गणना शून्यावर आली की वस्तू मोडीत काढावी. जोवर कोणी धरून आहे तोवर वस्तू टिकते. म्हणून मोजलेला संदर्भ डँगलिंग होऊच शकत नाही. म्हणजे डँगलिंगवरील मूळ औषध सबल संदर्भ हेच होय, दुर्बल संदर्भ नव्हे. परंतु या औषधातून दुसरा विकार जन्मला. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या, तर बाहेरच्या कोणालाही त्यांची गरज उरली नाही तरी दोघींची गणना शून्यावर येत नाही. जे. एच. मॅकबेथ यांनी १९६३ साली या चक्राकडे लक्ष वेधले. पालक-नोड अपत्याला धरतो, अपत्य पालकाला धरते, आणि दोन्ही स्मृतीत कायमची अडकून राहतात.

या चक्रातील एक दुवा मालकीचा नसावा, केवळ ओळखीचा असावा, ही गरज येथे निर्माण होते. हा मालकीहीन दुवा साध्या पॉइंटरने जोडला, तर चक्र तुटते. पण डँगलिंगचा धोका मागील दाराने परत येतो. दुर्बल संदर्भाची जागा नेमकी येथे आहे. तो वस्तूला जिवंत ठेवीत नाही, आणि वस्तू गेल्यावर ती असल्याचा खोटा आभासही निर्माण करीत नाही. सी++ मध्ये २०११ च्या प्रमाणकाने आणलेला 'वीक_पीटीआर' वस्तूशेजारच्या एका नियंत्रण-खंडाकडे पाहतो. वस्तू नष्ट झाली तरी शेवटचा दुर्बल संदर्भ जाईपर्यंत तो खंड उरतो आणि 'वस्तू आता नाही' एवढी साक्ष देतो. तेव्हा दुर्बल संदर्भ हा उपायातून उत्पन्न झालेल्या विकारावरील उपाय आहे. हा क्रम सांगितल्यावाचून तो शिकविला, की विद्यार्थी प्रत्येक दुव्यावर 'दुर्बल' ही खूण करू लागतो. आणि मग ज्या वस्तूला कोणीच सबलपणे धरलेले नाही, ती निर्माण होताच नष्ट होते.

दुसरा आक्षेप शब्दयोजनेविषयी आहे. 'दुर्बल' म्हणजे 'सुरक्षित' असे समीकरण रूढ होऊ पाहते. ते टिकत नाही. २०१४ साली आलेल्या स्विफ्ट भाषेत मालकीहीन संदर्भाचे अनेक प्रकार आहेत. 'वीक' हा वस्तू जाताच शून्य होतो. 'अनओन्ड' हा मृत वस्तूला स्पर्श होताच प्रोग्रॅम थांबवितो. आणि त्याचाच 'अनसेफ' असा स्पष्ट उल्लेख केलेला प्रकार मात्र निखळ डँगलिंग पॉइंटर होतो. मालकी न घेणे हा एक गुण झाला, आणि मृत्यूची वार्ता कळणे हा दुसरा. सुरक्षितता दुसऱ्यातून येते.

तिसरा आक्षेप वापराविषयी. वस्तू आहे की नाही हे आधी विचारावयाचे आणि मग तिला हात घालावयाचा, ही रीत अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये घातक ठरते. कारण प्रश्न आणि कृती यांच्यामध्ये वस्तू जाऊ शकते. म्हणूनच 'लॉक' ही क्रिया विचारणे आणि धरणे एकाच अखंड पावलात करते आणि यश आल्यास सबल संदर्भ हाती देते. दुर्बल संदर्भाचा उपयोग अखेरीस क्षणभर सबल होऊनच करावा लागतो, हे तत्त्व टिपणांत क्वचितच आढळते.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संदर्भ शून्य निघाल्यास काय करावयाचे? 'शून्य असेल तर परत फिरावे' ही एक ओळ लिहून बहुतेक जण मोकळे होतात. पडद्यावरील चित्र पुन्हा रेखाटावयाचे असेल, तर हे योग्यच आहे. पडदाच गेला, तर चित्र कशाला? परंतु तेच काम खात्यात रक्कम जमा करण्याचे असेल, तर रक्कम जमा होत नाही, दोषसूचना उमटत नाही, आणि कोठे काही बिघडल्याची खूणही मागे राहत नाही. डँगलिंग पॉइंटर खोटे बोलत होता. येथे प्रोग्रॅम मौन पाळतो. खोट्याहून मौन बरे, हे मान्य; पण मौन म्हणजे उत्तर नव्हे.

जावासारख्या भाषांचे प्रकरण तर निराळेच आहे. तेथे गार्बेज कलेक्टर असल्याने डँगलिंग नाही आणि चक्राची अडचणही नाही. तरीही १९९८ च्या जावा १.२ आवृत्तीत दुर्बल संदर्भ आले. त्यांचे कारण असे की, पोहोचता येते म्हणून टिकविलेली वस्तू गरजेची असेलच असे नाही. या भेदावर महाराष्ट्रातच मोलाचे काम झाले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, पुढे कधीच न वापरले जाणारे संदर्भ प्रोग्रॅमच्या विश्लेषणाने आधीच ओळखून ते शून्य करण्याची रीत मांडली. दुर्बल संदर्भात कोणता दुवा सैल ठेवावा हे प्रोग्रॅमर ठरवितो. येथे कोणता दुवा निरुपयोगी झाला हे विश्लेषण ठरविते. दोन्ही मार्ग एकाच प्रश्नाकडे येतात : वस्तूची गरज कोणाला, आणि कोठवर?

तात्पर्य, दुर्बल संदर्भाचे मोल कमी लेखण्याचा हेतू येथे नाही. आग्रह एवढाच की, तो शिकविताना मालकीचा प्रश्न आधी विचारला जावा. आकृतीतील प्रत्येक बाणाशेजारी विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : हा बाण वस्तूला जगवितो काय, जगवीत नसल्यास तिच्या मृत्यूची वार्ता त्याला कळते काय, आणि कळल्यावर तो काय करणार. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही भाषा देत नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच द्यावयाचे असते.