मॅड काऊ, गंगा आणि 'असू शकतं'

परवा तामलवाडीत घरी होतो. गोठ्यात सरकी पेंड टाकता टाकता चुलत्यांनी विचारलं, "ते मॅड काऊ आपल्याकडं बी येतं का रे?" भारतात त्याची एकही नोंद नाही, असं सांगितलं खरं; पण त्या निमित्ताने २००५चा एक पेपर पुन्हा वाचला. संशोधनाची तयारी करत असाल तर तुम्हीही वाचा. नामांकित जर्नलमध्ये छापलं म्हणजे सिद्ध झालं, हा आपला गैरसमज त्याने जाईल.

आधी चांगला पुरावा कसा दिसतो ते बघू. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गायींचा बीएसई हा रोग ओळखला गेला. यात मेंदूची स्पंजसारखी चाळण होते. खाद्यात मिसळलेल्या मांस-हाडांच्या भुकटीतून तो पसरला. १९९६ मध्ये रॉबर्ट विल यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये दहा रुग्ण मांडले. सगळे तरुण, आणि नेहमीच्या सीजेडीपेक्षा मेंदूतले बदल वेगळे. बीएसईशी संबंध असावा, पण सिद्ध झालेला नाही, असं त्यांनीच लिहिलं. मग १९९७ मध्ये मोइरा ब्रूस यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. नव्या आजाराच्या रुग्णांचे नमुने टोचलेले उंदीर बीएसई टोचलेल्या उंदरांसारखेच आजारी पडले: तेवढ्याच काळाने, मेंदूच्या त्याच भागांत. नेहमीच्या सीजेडीचा नमुना मात्र वेगळा निघाला.

इथे थांबा. हा प्रयोग फसू शकला असता. म्हणूनच त्याला वजन आहे.

आता तो २००५चा पेपर. अॅलन आणि नॅन्सी कोल्चेस्टर यांनी 'लॅन्सेट'मध्ये बीएसईच्या उगमाबद्दल तर्क मांडला. भारतीय उपखंडातून ब्रिटनला हाडं आणि हाडांची भुकटी जायची. नदीत सोडलेल्या प्रेतांची हाडं त्यात मिसळली असतील, एखादं प्रेत सीजेडीच्या रुग्णाचं असेल आणि त्यातून गायींना लागण झाली असेल. हाडांचा व्यापार खरा होता. पण पुढच्या प्रत्येक पायरीवर 'असू शकतं' आहे. सीजेडी होतो दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला. त्यातलं प्रेत नदीत, हाडं गोळा करणाऱ्यांच्या हाती, मग कारखान्यात, मग गायीच्या पोटात! शक्यतांचा गुणाकार केला की आकडा लहान होत जातो. वाचताना मात्र गोष्ट पटत जाते.

ब्रूस यांच्या उंदरांनी हा तर्क खोडला का? पूर्ण नाही. दुसऱ्या प्राण्यात गेल्यावर प्रायॉनचा स्वभाव बदलू शकतो. पण मग पुरावा विरोधात गेला तरी तर्काला पळवाट राहतेच, आणि माझा आक्षेप नेमका हाच आहे.

बंगळुरूच्या निमहान्समधले एस. के. शंकर आणि पी. सतीशचंद्र यांनी तिथेच संयत उत्तर दिलं: ठोस पुराव्याशिवाय असा निष्कर्ष नको. आपल्यातल्या काहींना 'आमच्या गंगेवर आरोप' म्हणून राग येतो. राग समजू शकतो, पण तोही पुरावा नव्हे. प्रश्न विचारणं चूक नव्हतंच. चूक होती ती नोंदी आणि प्रयोगांआधी एका समाजाच्या अंत्यविधीकडे बोट दाखवण्याची. ब्रिटनमध्ये या आजाराने १७८ जण गेले. त्यांच्या घरच्यांनाही नुसत्या तर्कापेक्षा पक्कं उत्तर मिळायला हवं.

पुढचा पेपर वाचाल तेव्हा प्रत्येक दाव्यापुढे पेन्सिलीने लिहा: काय दिसलं असतं तर हे खोटं ठरलं असतं? उत्तर सुचलं नाही, तर तिथे खूण करून ठेवा.