‘मनीबॉल’मधील कर्मचारी-संबंध : एक चिकित्सा

व्यावसायिक क्रीडासंस्थेचा विचार बहुधा खेळाडूंपुरताच केला जातो. त्यांच्यामागे राबणारा कर्मचारीवर्ग, त्यातील अधिकारांची उतरंड आणि परस्परांविषयीचा अविश्वास हा विषय चित्रपटांत क्वचितच येतो. त्या दृष्टीने बेनेट मिलर दिग्दर्शित ‘मनीबॉल’ (२०११) हा अमेरिकन चित्रपट लक्षणीय ठरतो. मायकेल लुईस यांच्या २००३ मधील पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटात ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचा २००२ चा हंगाम आला आहे. तुटपुंज्या निधीत संघ बांधण्यासाठी सरव्यवस्थापक बिली बीन संख्याशास्त्राचा आधार घेतात आणि जुन्या सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतात.

हा संघर्ष चित्रपटाने प्रभावीपणे उभा केला आहे. परंतु तो एकतर्फी आहे. गुणशोधकांच्या बैठकीचे दृश्य पाहावे. खेळाडूची प्रेयसी देखणी नाही, म्हणजे त्याला आत्मविश्वास नाही, असा निष्कर्ष तेथे काढला जातो. प्रेक्षक हसतो आणि त्या हसण्यातच वृद्ध गुणशोधकांचा निकाल लागतो. वास्तविक टिम हडसन व मार्क मुल्डर हे संघाचे आधारस्तंभ असलेले गोलंदाज ग्रेडी फ्युसन गुणशोधक विभागाचे प्रमुख असतानाच निवडले गेले होते. चित्रपटात या गोलंदाजांना जवळजवळ स्थान नाही. तेथे फ्युसन यांना बीन कामावरून काढून टाकतात. प्रत्यक्षात ते २००१ चा हंगाम संपल्यावर टेक्सास रेंजर्सकडे गेले होते.

आर्ट हाऊ यांचे चित्रण याहून अधिक विचार करावयास लावते. बेसबॉलमधील ‘मॅनेजर’ म्हणजे मैदानावरील संघाचा प्रमुख, साधारणपणे आपल्याकडील मुख्य प्रशिक्षकासारखा. चित्रपटातील हाऊ स्कॉट हॅटबर्गला खेळविण्यास नकार देतात. म्हणून बीन कार्लोस पेन्याला दुसऱ्या संघाकडे पाठवून त्यांचा पर्यायच काढून घेतात. प्रसंग रंगतदार आहे. मात्र हॅटबर्ग हंगामाच्या आरंभापासूनच खेळत होता, आणि या चित्रणाविषयी हाऊ यांनी पुढे जाहीर नाराजी व्यक्त केली. बीन यांचे साहाय्यक पॉल डीपोडेस्टा यांनी तर आपले नावच वापरू दिले नाही. त्यांच्या जागी पीटर ब्रँड हे कल्पित पात्र आले.

फिलिप सीमोर हॉफमन यांचा संयत अभिनय मात्र पटकथेहून वेगळे काही सुचवितो. एका वर्षाच्या करारावर संघ कसा सांभाळावा, हा हाऊ यांचा प्रश्न पटकथेच्या लेखी हेकेखोरपणा आहे. हॉफमन यांच्या चेहऱ्यावर तो नोकरीची शाश्वती नसलेल्या अनुभवी माणसाचा प्रश्न म्हणून उमटतो. पराभवाचा ठपका ज्याच्यावर यायचा, त्याच्याच हातून निवडीचा अधिकार निसटत चालला आहे, ही कोंडी हॉफमन फारसे न बोलता दाखवितात. पटकथा तेथे क्षणभरही थांबत नाही. हंगामानंतर हाऊ न्यूयॉर्क मेट्सकडे गेले. चित्रपटाचा शेवट मात्र बॉस्टनने बीन यांना देऊ केलेल्या पदाभोवती आणि त्यांनी दिलेल्या नकाराभोवती फिरत राहतो.