जुन्या निगेटिव्हचे संगणकीय पुनरुज्जीवन : उद्धार की पुनर्लेखन?

त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित केला व त्याच वर्षी आपला चित्रपटनिर्मितीचा संसार नाशिकला हलविला. या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच आज उपलब्ध असून ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन करण्यात आली आहेत. हा अवशेषही मूळ चित्रपटाचा नसून १९१७ च्या पुनर्निर्मितीचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. अशा वादात प्रतिमा हाच महत्त्वाचा साक्षीदार असतो. म्हणूनच जुन्या फिल्मचे सदोष स्कॅन संगणकावर ‘उजळण्याच्या’ प्रचलित पद्धतीची चिकित्सा आवश्यक ठरते.

प्रथम दोन दोषांत भेद केला पाहिजे. निगेटिव्हवर फार कमी प्रकाश पडला असेल तर गडद सावलीच्या जागी रुप्याचे कण साचतच नाहीत. ती जागा पारदर्शक राहते. जे उमटलेच नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. याउलट, जादा प्रकाश पडलेल्या निगेटिव्हच्या दाट भागात तपशील बहुधा असतो. स्कॅनरचा प्रकाश त्यातून पुरेसा पार होत नाही, एवढेच. तेथे काळजीपूर्वक केलेला फेरस्कॅन हाच खरा उपाय होय. ८ बिटच्या कृष्णधवल प्रतिमेत २५६ छटा मावतात, तर १६ बिटमध्ये ६५,५३६. त्यामुळे नंतर ‘कर्व्ह्‌ज’ने केलेली छटांची फेरमांडणी प्रतिमेला सोसते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाबाबत जवळजवळ आंधळी होती. तांबडे वस्त्र काळपट, तर निळे आकाश पांढरे येई. आजच्या नजरेला हा दोष वाटतो. वस्तुतः तो त्या माध्यमाचा स्वभाव आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर न उमटलेले नाकडोळेही रचून देतात. सामान्य प्रेक्षकास ते सुबक वाटेल. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो बनावट पुरावा ठरतो.

सारांश, मूळ स्कॅन अस्पर्शित ठेवणे, दुरुस्ती स्वतंत्र प्रतीवर करणे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे, ही किमान शिस्त होय. झाकोळलेले दिसू लागले तर तो उद्धार. नसलेले दिसू लागले तर ते पुनर्लेखन. फाळक्यांच्या उरल्यासुरल्या प्रतिमांच्या बाबतीत ही सीमारेषा पुसली गेल्यास १९१३ आणि १९१७ यांमधील वाद मिटविण्याचे साधनच आपण गमावून बसू.